डोके व मानेच्या प्रगत कर्करोगातील विषाणुसंसर्ग

डोके व मान या भागातील कर्करोगांत तोंड, घसा, स्वरयंत्र, नाक, नाकालगतच्या पोकळ्या व लाळग्रंथी यांच्या कर्करोगांचा समावेश होतो. यांपैकी काही कर्करोग विषाणूंच्या संसर्गातून उद्भवतात. टॉन्सिल व जिभेचे मूळ यांच्या कर्करोगाशी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही), तर नाकामागील घशाच्या कर्करोगाशी एपस्टाइन-बार विषाणूचा (ईबीव्ही) कार्यकारणसंबंध सिद्ध झाला आहे. रोग पसरल्यानंतर निदान झाले असतानाही विषाणुजन्य गाठ उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद देते. त्यामुळे रोगाची अवस्था ठरविणे, रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज बांधणे आणि उपचारांची आखणी करणे या तिन्ही गोष्टींत विषाणूच्या अस्तित्वाला महत्त्व प्राप्त झाले आहे. मात्र हे निष्कर्ष ठरावीक अवयवांपुरतेच खरे आहेत. तंबाखू व सुपारीमुळे होणाऱ्या, भारतात बहुसंख्येने आढळणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाला ते लागू होत नाहीत.

व्याप्ती व संज्ञा

या भागातील सुमारे ९० टक्के कर्करोग आतील अस्तराच्या चपट्या पेशींपासून सुरू होतात. त्यांना स्क्वॅमस पेशींचा कर्करोग म्हणतात. घशाचे (ग्रसनीचे) वैद्यकशास्त्रात तीन भाग मानले जातात. नाकामागील भाग म्हणजे नासाग्रसनी, तोंडामागील भाग म्हणजे मुखग्रसनी आणि स्वरयंत्रामागील भाग म्हणजे अधोग्रसनी. टॉन्सिल, जिभेचे मूळ, मृदू टाळू व त्यामागील भिंत हे मुखग्रसनीत मोडतात. जिभेचा पुढचा हलता भाग, गाल आणि हिरड्या हे मात्र 'तोंड' या सदरात येतात. सर्वसामान्य बोलण्यात या दोहोंत फरक केला जात नाही. एचपीव्हीच्या संदर्भात मात्र सारा फरक येथेच आहे.

'प्रगत' हा शब्द मराठीत एरवी गौरवाने वापरला जातो. येथे त्याचा अर्थ 'पुढे सरकलेला, पसरलेला' एवढाच आहे. गाठ मोठी होऊन शेजारच्या अवयवांत शिरली असेल, मानेतील लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचली असेल किंवा फुफ्फुस, हाडे, यकृत अशा दूरच्या अवयवांत गेली असेल, तर कर्करोग प्रगत समजला जातो. प्रचलित क्रमवारीत तिसरी व चौथी अवस्था या नावाने हा टप्पा ओळखला जातो.

इतिहास

मानवी कर्करोगाशी संबंधित असा पहिला विषाणू १९६४ मध्ये लंडन येथे सापडला. अँथनी एपस्टाइन, बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांनी युगांडातून विमानाने आलेल्या बर्किट लसीकार्बुदाच्या नमुन्यांत तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दोनच वर्षांनी नासाग्रसनीच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आणि १९७० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन व सहकाऱ्यांनी त्या गाठींमध्ये विषाणूचे डीएनए दाखवून दिले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही आहे हा विचारही त्सुर हाउझेन यांचाच. त्यांच्या गटाने १९८३ मध्ये एचपीव्ही-१६ हा प्रकार वेगळा काढला आणि या कार्यासाठी त्यांना २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच १९८३ साली फिनलंडमधील कारी स्युर्यानेन व सहकाऱ्यांनी तोंडाच्या काही गाठींत एचपीव्ही संसर्गाच्या खुणा दिसतात, असे नोंदविले. त्या वेळी या निरीक्षणाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. तंबाखू व मद्य ही कारणे इतकी ठळक होती की तिसऱ्या कारणाची गरज वाटत नव्हती.

चित्र बदलले ते २००० मध्ये. अमेरिकेतील मॉरा गिलिसन व सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या २५३ रुग्णांच्या गाठी तपासल्या. त्यांपैकी चतुर्थांश गाठींत एचपीव्हीचे डीएनए आढळले. ते प्रामुख्याने मुखग्रसनीच्या गाठींत होते आणि त्यातही बहुतांशी १६ क्रमांकाच्या प्रकाराचे होते. हे रुग्ण इतरांहून अधिक जगत असल्याचेही त्यांना दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एचपीव्ही-१६ हे मुखग्रसनीच्या कर्करोगाचे कारण म्हणून मान्य केले. ईबीव्हीला त्याच संस्थेने १९९७ मध्येच कर्करोगकारक ठरविले होते.

एचपीव्ही गाठ कशी निर्माण करतो

टॉन्सिलच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात. त्या खाचांचे अस्तर जाळीदार व विरळ असून आतल्या थरातील पेशी बाहेरून आलेल्या सूक्ष्मजीवांना सहज भिडतात. शरीराच्या संरक्षणासाठी असलेली ही रचना एचपीव्हीला मात्र प्रवेशद्वार ठरते. गालाचे वा जिभेच्या पुढील भागाचे अस्तर जाड व सलग असते. विषाणू टॉन्सिलमध्ये घर करतो आणि गालात सहसा करीत नाही, याचे हे एक कारण मानले जाते.

विषाणूच्या ई६ व ई७ या दोन प्रथिनांवर पुढचे सारे अवलंबून असते. पेशीतील पी५३ हे प्रथिन डीएनएला इजा झाल्यास पेशीचे विभाजन थांबविते किंवा पेशीला मृत्यूकडे नेते. ई६ हे प्रथिन पी५३ चा नाश घडवून आणते. ई७ हे आरबी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला निष्प्रभ करते. पेशीविभाजनाला आवर घालणे हे आरबीचे काम असते. दोन्ही लगाम सुटल्यावर पेशी अनिर्बंध वाढू लागते. आरबी निष्प्रभ झाल्याची प्रतिक्रिया म्हणून पेशीत पी१६ हे प्रथिन मोठ्या प्रमाणावर साचते आणि निदानासाठी तीच खूण वापरली जाते.

तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगात घडते ते वेगळे. तेथे पी५३ चे जनुकच उत्परिवर्तनाने कायमचे बिघडलेले असते. विषाणुजन्य गाठीत ते जनुक बहुधा शाबूत असते. त्याचे प्रथिन तेवढे दाबून टाकलेले असते.

तोंडावाटे एचपीव्हीचा संसर्ग होणे असामान्य नाही. अमेरिकेत २००९-१० मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १४ ते ६९ वयोगटातील ६.९ टक्के लोकांच्या तोंडात कोणता ना कोणता एचपीव्ही आढळला. एचपीव्ही-१६ चे प्रमाण केवळ १ टक्का होते आणि पुरुषांत एकंदर संसर्ग स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट होता. बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. फार थोड्यांत तो टिकून राहतो आणि त्यानंतर कर्करोग होण्यास काही दशके लागू शकतात.

संसर्ग प्रामुख्याने लैंगिक संबंधांतून, विशेषतः मुखमैथुनातून होतो. निदान ऐकताच रुग्णाच्या घरात संशय व अपराधभाव निर्माण होण्याचे प्रसंग त्यामुळे येतात. संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकत असल्याने त्यावरून कोणाच्याही सांप्रतच्या वर्तनाविषयी अनुमान काढता येत नाही. रुग्णांच्या जोडीदारांच्या अमेरिकेतील एका तपासणीत त्यांच्या तोंडातील कर्करोगकारक एचपीव्हीचे प्रमाण सामान्य लोकांहून विशेष वेगळे आढळले नाही.

प्रगत अवस्थेतील फरक

विषाणुजन्य मुखग्रसनी कर्करोगाची पहिली खूण बहुधा मानेत येणारी, न दुखणारी गाठ ही असते. मूळ गाठ टॉन्सिलच्या खाचेत किंवा जिभेच्या मुळाशी इतकी लहान व दडलेली असते की घसा पाहूनही ती दिसत नाही. मानेतील ग्रंथी मात्र लवकर आणि मोठ्या वाढतात व पुष्कळदा त्यांत द्रव साचलेला असतो. अशी गाठ साधी गळू वा क्षयाची गाठ समजून काही महिने औषधे चालू राहतात. प्रौढ व्यक्तीच्या मानेतील गाठ तीन आठवड्यांत कमी न झाल्यास सुई घालून पेशींची तपासणी करणे इष्ट समजले जाते.

ग्रंथींमध्ये रोग लवकर पोहोचत असल्याने जुन्या क्रमवारीनुसार असे बहुतेक रुग्ण थेट चौथ्या अवस्थेत गणले जात. दोन सेंटीमीटरहून लहान मूळ गाठ आणि त्याच बाजूला चार सेंटीमीटरची एक ग्रंथी असलेल्या रुग्णाला 'चौथी अवस्था' असे सांगितले जाई. प्रत्यक्षात असे रुग्ण मोठ्या संख्येने बरे होत होते आणि त्या संज्ञेचा वास्तवाशी मेळ बसत नव्हता. अमेरिकन संयुक्त कर्करोग समितीच्या आठव्या आवृत्तीत, जी २०१८ पासून अमलात आली, पी१६-सकारात्मक मुखग्रसनी कर्करोगासाठी स्वतंत्र क्रमवारी देण्यात आली. वरील उदाहरणातील रुग्ण या क्रमवारीत पहिल्या अवस्थेत मोडतो. चौथी अवस्था आता केवळ दूरच्या अवयवांत पसरलेल्या रोगासाठी राखून ठेवलेली आहे. जुने आणि नवे अहवाल शेजारी ठेवून वाचणाऱ्याने हा बदल ध्यानात घ्यावा लागतो.

या बदलाला भक्कम आधार दिला तो २०१० मध्ये किआन आंग व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने. त्यात तिसऱ्या व चौथ्या (जुन्या) अवस्थेतील मुखग्रसनी कर्करोगाचे ३२३ रुग्ण होते. सर्वांना किरणोपचार व सिस्प्लाटिन हे औषध दिलेले होते. तीन वर्षांनंतर एचपीव्ही-सकारात्मक रुग्णांपैकी ८२.४ टक्के, तर एचपीव्ही-नकारात्मक रुग्णांपैकी ५७.१ टक्के हयात होते. वय, गाठीचा आकार, तंबाखूचे व्यसन हे घटक जमेस धरूनही मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी भरला.

धूम्रपानाने मात्र हा लाभ घटतो. त्याच अभ्यासात दहा 'पॅक-वर्षां'हून अधिक धूम्रपान केलेले व ग्रंथींत रोग अधिक पसरलेले एचपीव्ही-सकारात्मक रुग्ण मध्यम धोक्याच्या गटात गेले. रोज वीस सिगारेटी एक वर्षभर ओढल्यास एक पॅक-वर्ष होते. हे माप सिगारेटसाठी बनविलेले आहे. बिडी, मशेरी वा गुटखा यांचे सेवन त्यात मोजता येत नाही, ही भारतीय वाचकाच्या दृष्टीने त्याची मोठी उणीव होय.

विषाणुजन्य गाठ उपचारांना अधिक का वश होते, याची कारणे अनेक सांगितली जातात. पी५३ चे जनुक शाबूत असल्याने किरणोपचाराने इजा झालेल्या पेशी मृत्यूकडे वळू शकतात. विषाणूची प्रथिने परकी असल्यामुळे रोगप्रतिकारक पेशी त्यांना ओळखतात. शिवाय हे रुग्ण तुलनेने कमी वयाचे असतात आणि तंबाखूमुळे हृदय व फुफ्फुसांना झालेली हानी त्यांच्यात कमी असते.

रोग उलटल्यानंतरही हा फरक टिकून राहतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन विश्लेषणात मुखग्रसनी कर्करोग पुन्हा बळावल्यानंतर दोन वर्षांनी एचपीव्ही-संबंधित गटातील सुमारे ५५ टक्के, तर इतरांपैकी सुमारे २८ टक्के रुग्ण जिवंत होते. तथापि विषाणुजन्य रोग काही रुग्णांत बऱ्याच काळानंतर दूरच्या अवयवांत डोके वर काढतो, म्हणून उपचारांनंतरची तपासणी लवकर बंद करता येत नाही.

पी१६ चाचणी व तिच्या मर्यादा

गाठीच्या तुकड्यावर पी१६ साठी रंजनक्रिया करणे ही स्वस्त व सर्वत्र उपलब्ध असलेली चाचणी आहे. किमान ७० टक्के पेशींच्या केंद्रकात व पेशीद्रवात मध्यम ते गडद रंग दिसल्यास चाचणी सकारात्मक समजतात. पण पी१६ म्हणजे विषाणू नव्हे. ती विषाणूची अप्रत्यक्ष खूण आहे. अन्य कारणांनीही हे प्रथिन वाढू शकते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील साडेसात हजारांहून अधिक मुखग्रसनी कर्करोग रुग्णांच्या विश्लेषणात सुमारे ९ टक्के रुग्णांत पी१६ व प्रत्यक्ष एचपीव्ही या चाचण्यांची उत्तरे जुळली नाहीत. दोन्ही चाचण्या सकारात्मक असलेल्यांपैकी ८१ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते आणि दोन्ही नकारात्मक असलेल्यांपैकी ४० टक्के. केवळ पी१६ सकारात्मक असलेल्यांत हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास राहिले. ज्या प्रदेशात विषाणुजन्य रोग मुळातच कमी आहे तेथे अशा फसव्या सकारात्मक उत्तरांचा वाटा वाढतो. भारतात केवळ पी१६ वर विसंबून रुग्णाला दिलासा देणे त्यामुळे धोक्याचे ठरते. शक्य तेथे एचपीव्हीच्या डीएनएची वा आरएनएची चाचणी जोडीला केली जाते. तोंडाच्या, म्हणजे गाल, हिरडी वा जिभेच्या पुढच्या भागाच्या कर्करोगात पी१६ तपासून उपचार बदलण्यास आधार नाही.

नासाग्रसनी कर्करोग व ईबीव्ही

ईबीव्ही लाळेवाटे पसरतो. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना तो केव्हा ना केव्हा झालेला असतो आणि बहुतेकांच्या शरीरात तो निद्रिस्त अवस्थेत आयुष्यभर राहतो. असे असूनही नासाग्रसनीचा कर्करोग मोजक्याच प्रदेशांत मोठ्या प्रमाणावर दिसतो. दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांत, हाँगकाँग, आग्नेय आशिया, उत्तर आफ्रिका व उत्तर ध्रुवाजवळील इनुइट लोक हे त्यांत प्रमुख आहेत. आनुवंशिकता आणि बालपणापासून खाल्लेले चिनी पद्धतीचे खारवलेले मासे यांची विषाणूला जोड मिळते. भारतात ईशान्येकडील राज्यांत, विशेषतः नागालँडमध्ये, हा कर्करोग उर्वरित देशापेक्षा पुष्कळ अधिक आढळतो.

नासाग्रसनी दृष्टीआड असल्याने हा रोगही बहुधा प्रगत अवस्थेतच कळतो. एका कानात दडे बसणे, नाकातून रक्त येणे, मानेत गाठ, क्वचित एकाच्या दोन वस्तू दिसणे ही त्याची लक्षणे होत. शस्त्रक्रियेस जागा अडचणीची असल्याने मुख्य भर किरणोपचारावर असतो. चीनमध्ये झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८० रुग्णांच्या चाचणीत, किरणोपचाराआधी जेमसिटाबिन व सिस्प्लाटिन दिल्याने तीन वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ७६.५ वरून ८५.३ टक्क्यांवर गेले.

मरणाऱ्या कर्कपेशींतून ईबीव्हीचे डीएनए रक्तात उतरते आणि ते मोजता येते. उपचार संपल्यावरही ते रक्तात राहिल्यास रोग उलटण्याची शक्यता बरीच वाढते. हाँगकाँगमध्ये डेनिस लो यांच्या गटाने याच तत्त्वावर ४० ते ६२ वर्षे वयाच्या, लक्षणे नसलेल्या २०,१७४ पुरुषांची रक्ततपासणी केली. ३४ जणांत कर्करोग सापडला. त्यांपैकी ७१ टक्के पहिल्या वा दुसऱ्या अवस्थेत होते. एरवी हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असे. 'प्रगत' अवस्थेतच भेटणारा रोग विषाणूच्या मागावर राहून लवकर गाठता येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण या क्षेत्रात नाही. मुखग्रसनीच्या कर्करोगासाठी रक्तातील एचपीव्ही डीएनएचा असाच उपयोग होऊ लागला आहे. सध्या तो मुख्यतः उपचारांनंतरच्या देखरेखीपुरता आहे.

भारतातील स्थिती

अमेरिकेत मुखग्रसनी कर्करोगातील एचपीव्हीचा वाटा १९८४-८९ मध्ये सुमारे १६ टक्के होता. २०००-०४ पर्यंत तो सुमारे ७२ टक्क्यांवर पोहोचला. उत्तर युरोपातही अशीच वाढ झाली. भारतात हा वाटा बराच कमी असून निरनिराळ्या केंद्रांच्या आकड्यांत मोठी तफावत आहे.

भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. त्याची कारणे तंबाखू, चुना, सुपारी, गुटखा, बिडी ही आहेत. महाराष्ट्रात ग्रामीण स्त्रियांत भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावण्याची सवय जुनी आहे. गुटख्याच्या विक्रीवर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. गाल व खालची हिरडी यांच्या खाचेत, जेथे तंबाखूची चिमूट ठेवली जाते, तेथेच गाठ येते. विषाणूची चर्चा वाढल्याने तंबाखूचा दोष उणावतो अशी समजूत होऊ देणे येथे परवडण्याजोगे नाही. मुखग्रसनीचे अनेक भारतीय रुग्णही तंबाखूसेवी असतात. त्यांच्यात विषाणू सापडला तरी परदेशी अभ्यासांतील उत्तम आकडे त्यांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

उपचार

प्रगत पण दूर न पसरलेल्या मुखग्रसनी कर्करोगाला सात आठवड्यांत ७० ग्रे किरणोपचार व सोबत सिस्प्लाटिन हा प्रमाण उपचार आहे. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया प्रथम येते. ७० ग्रेच्या उपचारानंतर तोंड कोरडे पडणे, गिळण्यास त्रास, दातांची हानी, श्रवणदोष हे परिणाम दीर्घकाळ राहतात. बरे होऊन पुढे पुष्कळ वर्षे जगणाऱ्या एचपीव्ही-सकारात्मक रुग्णांसाठी उपचार सौम्य करता येतील काय, असा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

पहिला प्रयत्न सिस्प्लाटिनऐवजी सेटुक्सिमॅब हे औषध देण्याचा होता. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले व दोहोंतही हा बदल रुग्णांना महागात पडल्याचे दिसले. अमेरिकन चाचणीत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सिस्प्लाटिनच्या गटात ८४.६ टक्के, तर सेटुक्सिमॅबच्या गटात ७७.९ टक्के होते. युरोपीय चाचणीत अपेक्षित असलेली विषारी परिणामांतील घटही झाली नाही. किरणांची मात्रा ७० वरून ६० ग्रेवर आणण्याचा अमेरिकेतील प्रयोगही प्रमाण उपचाराची बरोबरी करू शकला नाही. केवळ विषाणू आहे म्हणून चाचणीबाहेर उपचार कमी करणे सध्या समर्थनीय मानले जात नाही.

दूर पसरलेल्या वा उलटलेल्या रोगात २०१६ पासून निव्होलुमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिकारशक्तीला मोकळे करणारी औषधे वापरात आली. विषाणू असो वा नसो, काही रुग्णांना त्यांचा लाभ होतो. किंमत हा मोठा अडसर आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात नेहमीच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब तोंडावाटे घ्यावयाच्या तीन स्वस्त औषधांसोबत देऊन चाचणी घेण्यात आली. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्के झाले.

प्रतिबंध

एचपीव्हीविरुद्धची लस २००६ पासून उपलब्ध आहे. ती संसर्ग टाळते. झालेला संसर्ग वा कर्करोग ती बरा करीत नाही, म्हणून ती लैंगिक जीवन सुरू होण्यापूर्वी, किशोरवयात देतात. कोस्टा रिकामधील चाचणीत लस घेतलेल्या तरुणींच्या तोंडातील १६ व १८ प्रकारांचा संसर्ग ९० टक्क्यांहून अधिक घटला होता. लसीने घशाचा कर्करोग कमी होतो हे थेट सिद्ध होण्यास, रोगाला लागणारा काळ पाहता, आणखी वर्षे जातील. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये नऊ प्रकारांविरुद्धच्या लसीला डोके व मानेच्या कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी मान्यता दिली. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून आणि ब्रिटनमध्ये २०१९ पासून मुलग्यांनाही शाळेत ही लस देतात.

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे. तिला भारतात २०२२ मध्ये परवानगी मिळाली. भारतात या लसीचा विचार मुख्यतः मुलींच्या गर्भाशयमुखाच्या संदर्भात होतो. घशाचा विषाणुजन्य कर्करोग मात्र पुरुषांत अधिक आढळतो. ईबीव्हीविरुद्ध वापरात असलेली लस अद्याप नाही.